सोलापुरातून रग्बीत उतरायचं असेल, तर आधी पडायला शिक

"रग्बीत करिअर होतं का, सर?" हा प्रश्न मला पोरं कमी आणि त्यांचे आईवडील जास्त विचारतात. होतं. पण तिशी ओलांडली की ते संपत येतं, आणि वाईट पद्धतीनं टॅकल करणाऱ्याचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणाऱ्याचं, बाविशीतही संपतं. म्हणून कुमठा नाक्याच्या संकुलावर मी नव्या पोराला आधी पडायला शिकवतो, चेंडू त्यानंतर. इथंही त्याच क्रमानं सांगतो.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी होते. तिच्यावर पडण्याचा सराव करू नकोस. जवळच्या तालमीत जा, वस्तादांच्या पाया पड आणि हौदाच्या तांबड्या मातीत पडायची परवानगी माग. गुडघ्यावरून सुरुवात कर. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी, हनुवटी आत. आधी मांडीची बाजू टेकू दे, मग कंबर, मग खांदा. तोल गेला की हात पुढं जाणारच, ती सवय मोडायची. तळहातावर भार आला की मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड जातं. पडल्यावर आपल्या गड्यांकडे वळ आणि हात लांब करून चेंडू त्यांच्या बाजूला ठेव. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही अंगांवर हे न विचार करता जमलं की पुढं जायचं.

आता टॅकल. कबड्डीतून आलेलं पोर इथं धोक्यात असतं, कारण त्याला घोट्यावर झडप घालायची सवय असते. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात येतो, आणि घोट्याकडे झेपावलेलं डोकं थेट त्याच्या गुडघ्यासमोर येतं. म्हणून मी दोघांना गुडघ्यावर बसवतो. एकजण हळू पुढं सरकतो, दुसरा त्याला धरतो. नजर वर, पाठ सरळ, हनुवटी छातीपासून सुटी. पडताना आत असलेली हनुवटी इथं वर असते, हा फरक पक्का कर. खांदा समोरच्याच्या मांडीवर लागला पाहिजे. आणि डोकं? ते त्याच्या मागच्या बाजूला, आपला गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. दोन्ही हातांनी मिठी घट्ट आवळ आणि पाय चालवत राहा. नुसता खांदा मारून पाडलं तर पंच पेनल्टी देतो. खांद्याच्या वर धरलं तरी देतो, आणि कार्डही निघू शकतं. तो खाली आला की त्याला सोड, बाजूला हो, उठ. हे गुडघ्यावर, मग चालत, मग धावत करायचं. यातली एक पायरीही गाळू नकोस.

गेल्या मोसमात असंच एक पोर डोकं पुढं घालून गेलं आणि पडून राहिलं. बाकीचे ओरडायला लागले, "उठ की बे!" उठलाही तो, आणि भलत्याच बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याला त्याच क्षणी बाहेर काढलं. कुणाच्या तरी सोबतीनं घरी पाठवलं, डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी लेखी सांगेपर्यंत मैदानात घेतलं नाही. हा नियम माझ्याकडे सगळ्यांना लागू आहे, मग अंतिम सामना का असेना. डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, तेच तेच विचारणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ बंद. इंग्लंडचा हुकर (पुढच्या रांगेतला मधला गडी) स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवत नाही असं त्यानं २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं. आईवडिलांनो, तुमच्या पोराचा प्रशिक्षक डोक्याचा मार हसण्यावारी नेत असेल, तर पोराला तिथून काढा.

मान मजबूत कर. इथं कुस्तीवाली पोरं पुढं असतात. वस्तादांच्या देखरेखीखाली मानेचा व्यायाम केलेला गडी प्रॉप (हुकरच्या दोन बाजूंचे गडी) नाहीतर हुकर म्हणून शोभतो, कारण पुढच्या रांगेत समोरच्यांशी खांद्यानं रेटारेटी असते. खो-खोत हुलकावणी देऊन निसटणारी मुलगी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, घाल, तिला पकडायला दोघी लागतात. जागा शरीर पाहून ठरव, आवडत्या खेळाडूचा फोटो पाहून नको. माउथगार्ड मात्र प्रत्येकाला, सरावातही.

खाण्याचं फार अवघड नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, डाळ, अंडी, आणि ते पोटभर. जिमवाल्याने दिलेली पावडर घेऊ नकोस. राष्ट्रीय पातळीवर नाडा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) चाचणी घेते, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर असते. मे महिन्यात सराव सूर्य वर येण्याआधी उरकायचा.

आता पैशाचं. रग्बी युनियन हा मूळचा पंधरा जणांचा, ८० मिनिटांचा खेळ. १९९५ पर्यंत त्यात खेळायचे पैसे घेणंच निषिद्ध होतं. आज फ्रान्स, इंग्लंड, जपानमधले क्लब पगार देतात, पण तिथली पोरं सोळा-सतराव्या वर्षीच क्लबच्या अकादमीत असतात. आपल्याकडून जवळचा रस्ता सेव्हन्सचा आहे. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये. शालेय स्पर्धा, मग जिल्हा, मग राज्य निवड, मग राष्ट्रीय. राज्याच्या चाचण्या बहुधा पुण्या-मुंबईकडे असतात, त्यामुळे सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या रात्रीच्या प्रवासाची सवय कर. गाडीतून उतरून लगेच पळायला जमलं पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते, परदेशी खेळाडूंच्या शेजारी भारतीय पोरं खेळली, चेन्नई बुल्स जिंकले. भारतात रग्बी खेळून पैसे मिळू शकतात हे त्यातून डोळ्यांना दिसलं. पण सहा संघांत मिळून भारतीय जागा किती असणार, याचा हिशेब तूच कर.

म्हणून शिक्षण सोडू नकोस. इंग्लंडमध्येसुद्धा २०२२ मध्ये वुस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे पहिल्या फळीतले तीन क्लब पैशाअभावी लीगबाहेर गेले. करार हातात असलेले खेळाडू एका फटक्यात बेरोजगार झाले. पुण्याच्या वाहबिझ भरुचाकडे बघ. भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, आणि फिजिओथेरपीही शिकली. विडी वळून पोरीला मैदानावर पाठवणाऱ्या आया मला भेटतात. त्यांना मी हेच उदाहरण देतो आणि मनापासून देतो, कारण त्यांच्या घरात दुसऱ्यांदा सुरुवात करायला पैसे नसतात.

रग्बीतून मिळणारी नोकरी बहुतेकदा खेळाडू कोट्यातून मिळते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या पदाला कोणत्या दर्जाची स्पर्धा आणि कितवा क्रमांक चालतो, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं. तो निर्णय आधी वाच, नुसत्या सहभागाच्या कागदावर विसंबू नकोस. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेव. सोबत संघाची यादी आणि निकालपत्रिका त्याच आठवड्यात मागून घे. वर्षभरानं मागायला गेलास तर आयोजक सापडत नाहीत. पात्र प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून होते, आपला विभाग पुणे. भरतीची जाहिरात यायची वाट न बघता अर्ज आधीच टाक.