जुनी येझदी पासिंगला नेताना

खाजगी दुचाकीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) १५ वर्षांनी संपतं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी आरटीओत गाडीची तपासणी होते, तेच पासिंग. नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत जाण्याआधी फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. रंगाच्या थराखाली एखादा आकडा जरी दबला, तरी फेरी फुकट जायची. हेडलाइट मिणमिणत असेल तर लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची वायर फ्रेमला जोडणारा गंजका बोल्ट पॉलिश पेपरने घासा, बहुतेकदा दुखणं तिथंच असतं. आणि पास झाली म्हणून हुरळू नका! तिथे ब्रेकचा ड्रम उघडून लायनर (आतलं झिजणारं अस्तर) कोणी बघत नाही. कसारा घाट उतरायचा असेल तर लायनर, स्पोक आणि ब्रेक केबलची टोकं स्वतः तपासा. केबलची एक तार जरी सुटी दिसली, तरी नवीच टाका.