एटीव्हीचा टेम्परेचर लाइट सारखा लागतोय? सेन्सर मागवण्याआधी या चुका टाळा

30 मे 2024 ला नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि तो आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या काही केंद्रांवर पारा 44-45 च्या आसपास होता. सेन्सर चुकल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. एटीव्हीच्या (कच्च्या रस्त्यावर, शेतात चालणाऱ्या चारचाकी बाइकच्या) डॅशवरचा, इंजिन तापल्याचं सांगणारा लाल लाइट लागला की हेच करायचं असतं, दुसऱ्या मापाने ताडून बघायचं. पण होतं काय, कुणी लाइट सरळ खोटा ठरवतो, तर कुणी गाडी न तपासताच नवा सेन्सर मागवतो.

"ऊन आहे भाऊ, लागतेच" ही सगळ्यात महाग पडणारी चूक. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत फवारणीचा ट्रेलर ओढताना गाडी माणसाच्या चालीने चालते. रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळी भिस्त फॅनवर, आणि हवाच 45 अंशांची. अशात इंजिन खरंच तापतं. लाइट सकाळी गप्प असतो, दुपारी लोडवर लागतो आणि लोड उतरला की विझतो? मग सेन्सर खरं बोलतोय. उलट रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला चावी लावताच लाइट लागला आणि विझलाच नाही, तर बिघाड विजेचा. चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद लागून विझणारा लाइट मात्र बिघाड नाही. ती बल्बची तपासणी.

शंका असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण थेट चकचकीत अॅल्युमिनियमवर धरू नका, आकडा कमी येतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. 80 ते 95 च्या आत असताना लाइट लागत असेल तर वायरिंगकडे वळा.

वळण्याआधी रेडिएटर बघाच. काळी माती जाळीत वाळली की सिमेंटसारखी बसते, बाहेरून दिसतही नाही. फॅनच्या बाजूने, साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जेटने फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) वाकतात, आणि तेच पाणी सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरतं. पावसाळ्यानंतर उगाच लागणाऱ्या लाइटची कितीतरी प्रकरणं तिथेच सुटतात. कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा आणि मग लाइट बघा.

आता वायर. सेन्सरला एकच वायर असेल तर तो बहुधा साधा स्विच असतो, गरम झाला की वायरला अर्थ देतो, म्हणजे ती इंजिनच्या धातूला जोडतो. इंजिन थंड असताना चावी चालू ठेवून ती वायर काढा. लाइट विझला तर स्विच खराब. तसाच राहिला तर वायर कुठेतरी चेसिसला घासून अर्थ होतेय. हँडलच्या वळणापाशी आणि सीटखाली बघा. गोठ्याजवळ किंवा गोदामात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनाही संशयितांत धरा.

दोन वायरी असतील तर सेन्सर ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतो. तिथे वायर अर्थला टेकवून बघण्याचा खेळ करू नका. मल्टिमीटर लावा. असे बरेच सेन्सर थंड असताना दोन-तीन हजार ओहम दाखवतात आणि गरम झाल्यावर दोन-तीनशेवर येतात. नेमका तक्ता तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आकडा सावकाश उतरायला हवा, मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर गेला.

एटीव्हीचे पार्ट लवकर मिळत नाहीत, म्हणून मेकॅनिक कारचा किंवा स्कूटरचा सेन्सर बसवून देतात. आटे जुळतात, पण ओहमचा तक्ता जुळत नाही. मग लाइट भलत्याच तापमानाला लागतो, किंवा लागतच नाही, आणि हे दुसरं जास्त वाईट. एका वायरच्या स्विचला टेफलॉन टेप गुंडाळणं हीसुद्धा तशीच गोष्ट: त्याचा अर्थ आट्यांतूनच जातो, टेपने तो तुटू शकतो.

"नागपूरच्या गर्मीत थर्मोस्टॅट कायले पाहिजे?" म्हणून तो काढून टाकणारेही आहेत. डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी तापायला तयार होत नाही, पेट्रोल जास्त पिते.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलल्यावर लगेच लाइट लागला तर आत हवा अडकलेली असू शकते. पुढची चाकं उंच करा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर सैल करा, मग भरा. बोअरचं पाणी नको, क्षार जमतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेलं घ्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

हे सगळं ठीक असूनही लाइट लागतो, कूलंटच्या रिझर्व्ह बाटलीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ दिसतं, तर हेड गॅस्केटकडे (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलकडे) बोट जातं. मग गाडी सुरू न करता टेम्पोत टाकून गॅरेजला न्या.