संमतीविना होणाऱ्या आपत्कालीन संशोधनाबद्दल रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांचे मत कसे जाणून घ्यावे

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णावर एखाद्या उपचाराची चाचणी घ्यायची, तर त्याची संमती आधी मिळणे शक्यच नसते. परवानगी नैतिकता समिती देते, पण अभ्यासाच्या औषधाचा खोका प्रत्यक्ष उघडतो तो रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी. म्हणून संशोधनाचा आराखडा समितीपुढे जाण्याआधीच त्याचे मत विचारावे. आराखडा पक्का झाल्यावर विचारले, तर बहुधा नुसता होकारच हाती येतो.

मुंबईत १०८ क्रमांकाच्या गाडीवर डॉक्टर असतात आणि चालक, ज्यांना सेवेत ‘पायलट’ म्हणतात. मत दोघांचेही घ्यावे, कारण डॉक्टर रुग्णात गुंतलेले असताना नातेवाइकांच्या प्रश्नांना अनेकदा पायलटलाच तोंड द्यावे लागते. ही सेवा कंत्राटी पद्धतीने चालते; तेव्हा वरिष्ठांच्या उपस्थितीत किंवा त्यांच्या दालनात मुलाखत घेऊ नये, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा आणि ध्वनिमुद्रणासाठी लेखी संमती घ्यावी. विषयच संमतीचा असताना इथे ढिलाई केली, तर पुढचे सारे बोलणे फुकट जाते.

‘असे संशोधन योग्य वाटते का?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याला सगळे शहाणपणाचेच उत्तर देतात. त्याऐवजी प्रसंग मांडावा. ब्रिटनमधील ‘पॅरामेडिक-२’ या चाचणीत रुग्णवाहिकांवर सारख्याच दिसणाऱ्या सिरिंजांचे खोके होते. कुठल्यात अॅड्रेनलिन (बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू व्हावे म्हणून देतात ते औषध) आणि कुठल्यात निव्वळ सलाइन, म्हणजे औषध नसलेले मिठाचे पाणी, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ८,०१४ रुग्ण होते. तीस दिवसांनंतर अॅड्रेनलिन गटातील ३.२ टक्के आणि सलाइन गटातील २.४ टक्के रुग्ण जिवंत होते. मात्र वाचून घरी जाणाऱ्यांपैकी मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३१ आणि १७.८ टक्के होते. हे आकडे आधी सांगू नयेत. तसाच खोका दादरच्या फलाटावर, ओळखपत्र नसलेल्या रुग्णाशेजारी, भोवती गर्दी असताना हाती आहे असे समजून तो उघडाल का, हे प्रथम विचारावे, आणि आकडे ऐकवून पुन्हा तेच विचारावे. मत बदलले, तर का बदलले, हाच मुलाखतीचा गाभा. त्यानंतर रुग्णाचा भाऊ धावत आला आणि ‘काय दिलंत त्याला?’ म्हणाला, तर उत्तर काय द्याल, तेही विचारावे.

‘आम्ही रोज संमतीविनाच उपचार करतो, मग यात वेगळे काय?’ असे कोणी म्हणाल्यास ते तिथेच सोडून देऊ नये. नेहमीचा उपचार रुग्णाच्या हितासाठी निवडलेला असतो, तर चाचणीत तो चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरतो. हा फरक समजावून पुन्हा मत घ्यावे. नोंदी करताना तत्त्वाचा आक्षेप आणि ‘कागदपत्रे कोण भरणार?’ ही कामाच्या ताणाची तक्रार वेगवेगळी ठेवावी, कारण पहिलीचे उत्तर समितीने द्यायचे असते आणि दुसरीचे व्यवस्थापनाने.

काही जण ठाम नकार देतील. अशांना चाचणीपासून दूर राहून नेहमीचा उपचार करण्याची मुभा असेल आणि त्याचा परिणाम नोकरीवर होणार नाही, हे आराखड्यात लेखी नमूद करावे. आणि तो मजकूर समितीकडे पाठवण्याआधी मुलाखत दिलेल्यांना वाचायला द्यावा.