शारजात घर बघताय? आधी रस्ता बघा

नोकरी दुबईत आणि बिऱ्हाड शारजात, असं इथल्या कितीतरी मराठी घरांचं असतं. आमचंही तेच. बारा वर्षं झाली, मी शारजाहून बर दुबईला कामाला जाते. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, भाडं किती पडेल?" मी उलट विचारते, "ऑफिस कुठे आहे, आणि किती वाजता पोचायचंय?" कारण शारजाची स्वस्ताई भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही.

अल नहदाचंच बघा. हे नाव सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे. दुबईच्या बाजूला एका बेडरूमच्या फ्लॅटला वर्षाचे 60 हजार दिरहम सांगतात, तसाच फ्लॅट शारजाच्या बाजूला 40 हजारांच्या आसपास मिळून जातो. म्हणजे 20 हजार वाचले. आता बसचा खर्च धरा. शारजाच्या जुबैल स्टँडवरून दुबईच्या युनियनला जाणाऱ्या ई303 बसचं तिकीट नोल कार्डावर, म्हणजे दुबईच्या बस-मेट्रोच्या कार्डावर, 12 दिरहम. रोजचे जाऊन-येऊन 24, महिन्याचे 22 दिवस धरले तर 528, वर्षाचे 6,336. पुढची मेट्रो वेगळी. नवरा-बायको दोघं कामाला जात असाल तर हाच आकडा दुप्पट होतो आणि वाचलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे रस्त्यातच जातात. ऑफिस शारजाजवळच्या कुसैसला किंवा देऱ्यात असेल तरीही शारजा परवडतं. दुबईच्या दुसऱ्या टोकाला, जबल अलीला किंवा मरीनाला असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: येऊ नका. तिकडेच लहानसा स्टुडिओ घ्या.

गाडीवाल्यांनी सालिकचा, म्हणजे दुबईच्या रस्त्यावरच्या टोलचा, हिशोब आधीच करावा. 2025 च्या जानेवारीअखेरीपासून हा टोल वेळेप्रमाणे बदलतो. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 4 ते 8 या वेळात 6 दिरहम, एरवी 4, आणि रात्री 1 ते सकाळी 6 फुकट. आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण पावणेसहाला खाली उतरलेले असतात ते त्यासाठी. टोल वाचतो, अल इत्तिहाद रोडही मोकळा मिळतो. मी त्या वेळेला निघाले तर पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचते, साडेसातला निघाले तर सव्वा तास धरूनच चालते. रात्री उशीर झाला आणि दुबईची टॅक्सी केली, तर शारजात शिरण्याचे 20 दिरहम मीटरवर वेगळे लागतात.

आणि परतीची वेळ. जुलैमध्ये संध्याकाळी सहा वाजता युनियनच्या बस स्टॉपवर रांग लागलेली असते. हवेत इतका दमटपणा असतो की चष्म्यावर वाफ धरते. डबा रिकामा, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, आणि समोरून एक बस भरून निघून जाते. पहिल्या वर्षी माझी मुलगी तीन वर्षांची होती. मी घरी पोचेपर्यंत ती बऱ्याचदा झोपलेली असायची. हे कुठल्याच हिशोबात धरलेलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

आता घर घेतानाचं. इथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चार किंवा सहा चेक आधीच लिहून द्यावे लागतात. 40 हजारांच्या घराला चार चेक म्हटले तर पहिला 10 हजारांचा. त्यावर डिपॉझिट, एजंटचं कमिशन, लाइट-पाण्याचं डिपॉझिट आणि करार नगरपालिकेत नोंदवायची फी, जी वर्षाच्या भाड्याच्या 4 टक्के असते, म्हणजे 1,600. पहिल्या महिन्याचा पगार हातात येण्याआधीच एवढे पैसे लागतात. ते गावाहून घेऊनच या, क्रेडिट कार्डावर संसार मांडू नका. चेकच्या तारखा पगारानंतरच्या टाका. करार नोंदवलाच पाहिजे. 2024 च्या नव्या कायद्याप्रमाणे मालकाने तो पंधरा दिवसांत नोंदवायचा असतो, आणि पहिली तीन वर्षं त्याला भाडं वाढवता येत नाही. तुमच्या हातात नोंदवलेला कागद असला की हे ठामपणे बोलता येतं.

चावी घेण्याआधी आधीच्या भाडेकरूचं सेवाचं, म्हणजे लाइट-पाण्याचं, शेवटचं बिल भरल्याची पावती मागा. आमच्या एजंटने "सगळं क्लिअर आहे" असं तोंडी सांगितलं होतं. नव्हतं. ऐन ऑगस्टमध्ये तीन रात्री एसीशिवाय काढल्या, मुलीला ओल्या टॉवेलात गुंडाळून. उन्हाळ्यात एसीमुळे बिल हिवाळ्याच्या दुपटीच्या पुढे जातं, तेही धरून ठेवा.

मुलं असतील तर शाळा आधी ठरवा. भारतीय शाळा बऱ्याचशा मुवैलेच्या बाजूला आहेत. घर नहदात आणि शाळा तिकडे, म्हणजे पोरगं पहाटे बसमध्ये. एकट्याने येणाऱ्यांना शारजाच्या रोला भागात बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक खाट, स्वस्त मिळते, पण कुटुंबांच्या वस्तीत बॅचलरना ठेवायला बंदी आहे आणि नगरपालिका खरंच घरं रिकामी करते. तुमचं नाव कागदावर येतं का, ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

खाण्यापिण्याचं मात्र सुख आहे. जुबैलच्या मंडईत सुरमईला किंगफिश म्हणतात एवढंच लक्षात ठेवा. बांगडा, कोळंबी, सगळं मिळतं, बाजूलाच साफ करून देतात. नाशिकचा कांदा, कढीपत्ता, अळूची पानं यासाठी कुठे लांब जावं लागत नाही.

करारावर सही करण्याआधी एक काम कराच. शारजात शुक्रवारी सरकारी सुट्टी असते, तो दिवस सोडा. एका सोमवारी सकाळी त्याच बिल्डिंगच्या दारातून निघून ऑफिसला जा, घड्याळ बघून. आणि संध्याकाळी त्याच बसने परत या.