लायसिन सोसणारा आणि भरपूर लायसिन सोडणारा जंतू कसा तयार करायचा, आपल्याकडच्या बायोटेकच्या पोरांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टची वेळ आली की बेळगावातली, निपाणीची, खानापूरची पोरं विचारतात सर विषय काय घेऊ, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं की चिकोडी-संकेश्वरकडं जिकडं बघाल तिकडं ऊस आहे, कारखान्यातनं मोलॅसिस निघतंय, त्यात जवळपास निम्मी साखर असते आणि ती खाऊन लायसिन (प्रोटीन बनायला लागणारं एक अमिनो ॲसिड) करणारा कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम नावाचा जंतू आहे, त्याच्यावर काम करा की. (मळी म्हटलं की काहीजण प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ समजतात, म्हणून मी मोलॅसिसच म्हणतो.) लायसिनच का, तर ज्वारीत आणि मक्यात तेच कमी असतं, म्हणून भाकरीबरोबर डाळ-उसळ लागते आणि कोंबडीच्या खाद्यात लायसिन वरनं घालावं लागतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जास्त लायसिन सोसणं वेगळं आणि जास्त लायसिन बनवणं वेगळं. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यापुढं आणा, टाकी भरली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद होतं. या जंतूत तो बॉलकॉक म्हणजे ॲस्पार्टोकायनेज हे एन्झाइम, लायसिन आणि थ्रिओनिन (दुसरं एक अमिनो ॲसिड) दोन्ही साठले की ते बंद पडतं. आणि ओव्हरफ्लोचा पाइप म्हणजे लायस-ई नावाचं प्रोटीन, ते लायसिन पेशीबाहेर टाकतं, 1996 साली सापडलं. तो पाइपच काढलेल्या जंतूला लायसिन असलेलं डायपेप्टाइड (दोन अमिनो ॲसिडची जोडी) खायला घातलं तर आत 1 मोलरच्या वर लायसिन साठतं आणि वाढ थांबते. म्हणजे नुसता बॉलकॉक काढून भागत नाही, बाहेर जायची वाटही मोठी पाहिजे.

कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतूंच्या संग्रहांकडनं कॉलेजच्या लेटरहेडवर मागवा. वाढवायचं 30 डिग्रीला, सवयीनं 37 लावू नका, आणि बायोटिन हे व्हिटॅमिन विसरू नका कारण ते त्याला स्वतःला करता येत नाही. 250 मिलीच्या फ्लास्कात 25 मिलीच मीडियम घ्या, हवा लागते त्याला. आमच्याकडं एकदा रात्री लाइट गेली, फ्लास्क हलवणारा शेकर पहाटेपर्यंत बंद, सकाळी बघतो तर पीएच खाली आलेला, कारण हवा कमी पडली की हा गडी लॅक्टिक आणि सक्सिनिक ॲसिड करायला लागतो, आठवड्याची मेहनत गेली आणि त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा शेकर यूपीएसवरच ठेवा. पावसाळ्यात प्लेटवर बुरशी फार येते, जुलै-ऑगस्टात प्रत्येक बॅचला एक रिकामी प्लेट ठेवायचीच.

आता सोसण्याचं काम. मिनिमल मीडियममध्ये (फक्त साखर आणि क्षार असलेल्या) लायसिन हायड्रोक्लोराइड वेगवेगळ्या प्रमाणात घालून वाढ मोजा, जिथं वाढीचा वेग निम्मा होतो तिथनं सुरुवात करा. वाढ भरात असतानाच 100 पट पातळ करून नव्या फ्लास्कात टाका, एका वेळी साधारण साडेसहा पिढ्या होतात, आणि वेग परत आला की लायसिन थोडं वाढवा. दर दहा ट्रान्सफरला 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक ठेवा, हे कंटाळवाणं वाटतं पण नंतर मागं जाऊन कुठं बदल झाला ते शोधायला हेच कामाला येतं. आणि जवळपास सगळी पोरं चुकतात ती जागा अशी की एवढं लायसिन हायड्रोक्लोराइड घातलं म्हणजे क्षाराचा ताण पण आला, मग जंतू लायसिन सोसायला शिकला का नुसता खारटपणा सोसायला शिकला? म्हणून तेवढाच ऑस्मोटिक ताण देणारं साधं मीठ घालून दुसरी लाइन समांतर चालवा. ती नसेल तर तुमच्या रिझल्टला काही अर्थ राहत नाही, हे मी व्हायव्हाला स्पष्ट सांगतो.

मग बॉलकॉक. लायसिनसारखं दिसणारं पण लायसिनचं काम न करणारं एईसी नावाचं रसायन असतं, ते थ्रिओनिनबरोबर प्लेटमध्ये घाला. साधा जंतू फसतो, टाकी भरली असं समजून बॉलकॉक बंद करतो आणि खरं लायसिन नाही म्हणून वाढत नाही. जी कॉलनी तरीही येते तिचा बॉलकॉक बिघडलेला असू शकतो, आपल्याला तेच पाहिजे. प्लेटमध्ये यीस्ट एक्सट्रॅक्ट चुकून पण नको, त्यातलं लायसिन खाऊन सगळेच वाढतात. डोस आपल्या स्ट्रेनवर आधी छोट्या प्रमाणात तपासून ठरवा. एनटीजी हे रसायन वापरून म्युटेशन करू नका, ते कॅन्सरकारक आहे, आपोआप येणारे म्युटंट पुरतात.

पण प्रत्येक कॉलनी खरी नसते, एखादीनं एईसी आत घ्यायचंच बंद केलेलं असतं. म्हणून दोन दिवस वाढवून, पेशी खाली बसवून वरचं पाणी टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर) लावा, ब्युटेनॉल, ॲसेटिक ॲसिड, पाणी 4:1:1, वर अमिनो ॲसिडला रंग देणारं निनहायड्रिन, शेजारी शुद्ध लायसिनचा ठिपका, आपलं लायसिन खालीच राहतं. ज्याचा जांभळा ठिपका गडद त्यालाच पुढं नेमकं प्रमाण मोजायला एचपीएलसी मशीनला पाठवा, आणि आकडा लिहिताना किती ग्लुकोज खाऊन किती लायसिन दिलं ते लिहा. चांगल्या स्ट्रेनचा लायस-सी जीन, म्हणजे बॉलकॉकचा जीन, पीसीआर करून सिक्वेन्स करून घ्या. 311 नंबरच्या थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन आलंय का ते बघा, हा गाजलेला बदल आहे.

हाच बदल मुद्दाम घालायचा असेल तर आधी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी घ्या, त्याशिवाय एक पण ट्यूब उघडायची नाही. पीके-19-मॉब-सॅक-बी हा प्लाझ्मिड, म्हणजे जीन आत नेणारा डीएनएचा गोल तुकडा, वापरतात. इलेक्ट्रोपोरेशननंतर (विजेच्या झटक्यानं डीएनए आत घालून झाल्यावर) लगेच 46 डिग्रीला 6 मिनिटं ठेवा, बाहेरचा डीएनए तोडणारी यंत्रणा थंडावते. पहिली निवड कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर, दुसरी 10 टक्के साखरेच्या प्लेटवर. प्लाझ्मिडमधला सॅक-बी जीन अजून आत असेल तर साखरेपासनं लेव्हान हा चिकट पदार्थ तयार होऊन पेशी मरते, एरवी मोलॅसिसवर पोसणारा जंतू इथं साखरेनंच मरतो, मला हे दरवेळी नवल वाटतं. दुसऱ्या प्लेटवर वाचलेल्यांपैकी निम्म्या जुन्याच रूपात परत आलेल्या असतात, त्यामुळं आठ-दहा तरी कॉलन्या तपासा.

शेवटी मोलॅसिस. गाळून, पातळ करून, पीएच 7 ला आणून साखर मोजून घ्या आणि तेवढ्याच साखरेचा ग्लुकोजचा फ्लास्क शेजारी चालवा. त्यात बायोटिन भरपूर असतं, लायसिनला त्याची अडचण नाही. पण कुणी याच जंतूकडनं ग्लुटामेट (आणखी एक अमिनो ॲसिड) करायला बसला तर बायोटिन जास्त झालं की जंतू ग्लुटामेट बाहेर सोडत नाही, मग पेनिसिलिन किंवा ट्वीन हे साबणासारखं रसायन घालावं लागतं, तेवढं लक्षात असू द्या.