होडीतला दगड, ट्रकची धडक आणि कूलरचा शॉक : फिजिक्सच्या कोड्यांत या चुका टाळा

होडीतल्या दगडाचं कोडं आता बहुतेक पोट्ट्यांना आधीच माहीत असतं आणि माझा खरा त्रास तिथूनच सुरू होतो. तलावात होडी, होडीत माणूस आणि एक मोठा दगड. माणसाने दगड पाण्यात टाकला तर तलावाची पातळी वाढेल, कमी होईल की तशीच राहील? मोबाइलवर कुठेतरी छोटासा व्हिडिओ बघितलेला असतो, त्यामुळे माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तर हजर, "सर, कमी होईल." उत्तर बरोबर आहे. पण काहून म्हणून विचारलं की सगळे खाली बघतात.

उत्तर पाठ करणे, ही सगळ्यात वाईट चूक

एकदा अकरावीच्या बॅचला घेऊन नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलो होतो, संध्याकाळची वेळ, समोर पाणी, म्हटलं इथेच विचारू. एका हुशार पोट्ट्याने दगडाचं उत्तर फटकन दिलं. मी म्हटलं ठीक आहे, आता दगडाऐवजी होडीत सागवानाचा वाळलेला ओंडका आहे, तो पाण्यात टाकला तर? "तरी कमीच होईल सर, होडीतून काहीही टाकलं की पातळी कमी होते." आणि त्याच्या मागे अख्खी बॅच, कारण तो पहिल्या नंबरचा. मग मी विचारलं, होडीत पाण्याने भरलेली बादली आहे, ती तलावात रिकामी केली तर? पुन्हा तेच, कमी होईल. म्हणजे तलावाचंच पाणी तलावात ओतलं तरी पातळी कमी! बराच वेळ वाद चालला, पोरं एकमेकांवर ओरडायला लागली, आणि शेवटी वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी म्हणाली, सर, ओंडका तर तरंगतो नं, मग होडीत असताना जेवढं पाणी बाजूला सारत होता तेवढंच आताही सारेल, पातळी तशीच राहील. तिने व्हिडिओ बघितलाच नव्हता.

सगळं कोडं एवढ्यातच आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढं पाणी सारते, बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढंच सारते. ५० किलोचा दगड होडीत आहे तोवर होडी त्याच्यासाठी ५० लिटर पाणी बाजूला सारते. दगड पाण्याच्या २.७ पट जड धरला तर तळाशी गेल्यावर तो फक्त साडेअठरा लिटर सारतो. बाकीचे साडेएकतीस लिटर गेले, म्हणून पातळी उतरली. ओंडका दोन्ही वेळा तरंगतोच आहे, म्हणून फरक नाही. बादलीतल्या पाण्याचंही तसंच.

हेच एकदा नीट डोक्यात बसलं की बर्फाची कोडी फुकटात सुटतात. ग्लासातला बर्फ वितळला, पातळी तशीच. बर्फात खडा अडकलेला असेल तर बर्फ वितळून खडा तळाशी गेल्यावर पातळी कमी. बुचाचा तुकडा अडकला असेल तर तशीच. खारट पाण्यात साधा बर्फ असेल तर पातळी किंचित वाढते, कारण वितळलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्याला जागा जास्त लागते.

घरी करून बघितलं तरी "सर, काही फरकच पडला नाही" म्हणणारे दरवर्षी असतात. बाबा, तू मोठ्या बादलीत १०० ग्रॅमचा खडा टाकशील तर काय दिसणार आहे? ३० सेंटीमीटर रुंद बादलीत त्या खड्याने पातळी एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. किराणा दुकानात असतं तसं दोन किलोचं लोखंडी वजन घ्या, पाच लिटरचा स्टीलचा डबा होडी म्हणून घ्या, वजन बरोबर मधोमध ठेवा नाहीतर डबा कलंडतो, आणि पाणी हलायचं पूर्ण थांबल्यावरच स्केचपेनने खूण करा. मग वजन सुतळीने हळू तळाशी सोडा. पातळी दोन सेंटीमीटरच्या वर खाली येते, चष्मा नसला तरी दिसतं. पाणी थांबेपर्यंतही ज्यांना दम निघत नाही त्यांना मी सरळ सांगतो, आज घरी जा, उद्या ये.

काट्यावरचा ग्लास

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर पाण्याचा ग्लास, आणि पाण्यात बोट बुडवलं, तळाला न टेकवता. आकडा वाढतो का? "बोट तर माझ्या हाताला आहे, त्याचं वजन मी पेलतोय, मग काटा काहून वाढेल?" असं ठासून सांगणारे इंजिनिअर झालेले लोकही भेटले मला. पाणी बोटाला वर ढकलतं, म्हणजे बोट पाण्याला तेवढ्याच जोराने खाली ढकलतं, आणि ते काट्याला कळतं. बोटाने २० मिली पाणी सारलं तर आकडा २० ग्रॅमने वाढणार. इथे लोक एवढंच चुकतात की काटा नक्की कशाचं वजन घेतोय ते आधी ठरवत नाहीत. मी कोणतंही गणित सुरू करायच्या आधी कागदावर एक गोल काढतो, "मी याच्याबद्दल बोलतोय" म्हणून, आणि त्या गोलाला बाहेरून कोण कोण ढकलतंय तेवढेच बाण काढतो. माझ्या पोरांनाही तेच करायला लावतो. गोल न काढता आणलेलं उत्तर बरोबर असलं तरी मी बघत नाही.

ट्रक आणि बाइक

वर्धा रोडवर ट्रकला समोरून बाइक धडकली, कोणावर जास्त फोर्स? शंभरातले नव्वद म्हणणार बाइकवर. फोर्स दोघांवर सारखाच असतो, वेगळा असतो तो परिणाम. १६,००० किलोचा ट्रक ४० च्या स्पीडने आणि माणसासकट २०० किलोची बाइक समोरून ६० ने, धडकून एकत्र पुढे गेले असं धरा. मोमेंटमचा (वजन गुणिले वेग) हिशोब केला तर ट्रकचा स्पीड ४० वरून जेमतेम ३८.८ होतो, ड्रायव्हरला हलका धक्का बसतो एवढंच. बाइकवाला मात्र ६० ने पुढे जात होता तो क्षणात ३८.८ ने उलट्या दिशेला, म्हणजे त्याच्या वेगात जवळपास ९९ चा फरक. वजनात ८० पट फरक, तर वेगातल्या बदलातही ८० पट. हा हिशोब मी दरवर्षी फळ्यावर पूर्ण करतो, आणि करून झाल्यावर हेल्मेट घरी ठेवून ट्यूशनला येणाऱ्यांना उभं करतो. ते मला आवडो न आवडो, गरजेचं आहे.

याचाच भाऊ : दोन सारख्या कार ५० ने समोरासमोर धडकल्या म्हणजे १०० ने भिंतीवर धडकल्यासारखं. नाही. सारख्या कार असतील तर प्रत्येकीसाठी ते ५० ने भक्कम भिंतीवर धडकल्यासारखंच आहे. १०० ने भिंतीवर गेलात तर ऊर्जा चौपट, तो वेगळाच अपघात.

करंट "खर्च" होत नाही

ही चूक पेपरात दोन मार्कांची आहे पण घरात जिवावर येते, म्हणून जरा लांबवतो. खूप जणांच्या डोक्यात असं असतं की करंट तारेतून येतो, बल्ब किंवा मोटर त्याला खाऊन टाकते आणि परत जाणाऱ्या तारेत थोडाच उरतो. जेवढा करंट फेजमधून (आणणाऱ्या तारेतून) आत जातो तेवढाच न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत येतो. खर्च होते ती ऊर्जा.

नागपूरचा मे महिना, ४५ डिग्री, घरोघरी पत्र्याचे कूलर. आमच्या ओळखीच्या एका घरी कूलरला हात लावला की झिणझिण्या यायच्या, टेस्टर लावला की लाइट लागायचा. मिस्त्री आला, टू-पिन प्लग काढला, उलटा करून लावला, टेस्टर विझला, पैसे घेऊन गेला. सगळे खूश. फॉल्ट आत तसाच होता. प्लग उलटा केल्यावर मोटरचा खराब झालेला भाग न्यूट्रलच्या बाजूला आला इतकंच झालं. पुढे कोणीतरी साफसफाईला कूलर हलवला आणि प्लग लावताना परत फिरला. त्या घरच्या आजी सकाळी पाइपने टंकी भरत होत्या, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि असा झटका बसला की हात बाजूला फेकला गेला, म्हणून वाचल्या. मुलगा मला विचारत होता, घरात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे, ती पडली काहून नाही?

पडणारच नाही. ओल्या अंगाने शरीराचा रेझिस्टन्स १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो, २३० व्होल्टला भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरची, तिच्यासाठी हे काहीच नाही, एक छोटा पंखा लागला असं तिला वाटतं. माणसासाठी मात्र ०.०३ अँपिअरच्या वर धोका सुरू होतो. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते. माणसासाठी असते ती आरसीसीबी, आणि ती चालते कशावर, तर करंट खर्च होत नाही याच गोष्टीवर. जाणारा आणि येणारा करंट ती सतत ताडून बघते, दोघांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला म्हणजे कुठून तरी, कदाचित आजींच्या अंगातून, करंट जमिनीत चाललाय, आणि ती लगेच बंद करते.

म्हणून कूलरला थ्री-पिन आणि खरोखरची अर्थिंग, म्हणजे पत्र्यापासून जमिनीत जाणारी तार, नुसती तिसऱ्या भोकाची शोभा नको. अर्थिंग नीट असली की कोणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि माझ्या घरात नियम आहे, कूलरचा प्लग काढून बाहेर दिसल्याशिवाय पाण्याच्या पाइपला कोणी हात लावायचा नाही. नुसतं स्विच बंद करणं मला मान्य नाही, न्यूट्रलवर लावलेली स्विचं मी खूप बघितली आहेत, ती बंद केली तरी फेज आत येतच राहतो. रबरी चप्पल घातली की झालं, हाही उपाय नाही, ओल्या, झिजलेल्या चपलेवर जीव ठेवू नका.

६० आणि १०० वॅटचे जुने फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये (एकामागे एक) लावले तर ६० वाला जास्त उजेड देतो, कारण त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि करंट दोघांत सारखाच. हे कागदावर सोडवा, मेन लाइनवर जोडून बघू नका.

आणखी काही, पटापट

रामटेकला जाताना ४० ने, येताना ६० ने, सरासरी ५० नाही, ४८. हळू जाताना वेळ जास्त जातो.

वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला की वेग शून्य, त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य नाही, ते ९.८ च आहे. शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला असता.

मेट्रो एकसारखी ७२ ने चाललीय, आत नाणं वर उडवलं, ते मागे पडणार नाही. हवेत ०.६ सेकंद असताना मेट्रो १२ मीटर पुढे जाते, नाणंही तेवढंच जातं. मेट्रो ब्रेक मारत असेल तर गोष्ट वेगळी, नाणं पुढे पडेल. हा "एकसारखी" शब्द न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांचे मार्क मी कापतो.

आणि कारमधला हेलियमचा फुगा : कार जोरात पुढे निघाली की आपण सीटवर मागे दाबले जातो, फुगा मात्र पुढे जातो. आतली हवा मागे दाबली जाते, मागे तिचा दाब जास्त, आणि हवेपेक्षा हलका फुगा पुढे ढकलला जातो. हे जरूर करून बघा, काचा पूर्ण बंद ठेवून, एसीचा झोत फुग्यावर येणार नाही असं बघून, फुगा मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातात आखूड दोऱ्याने धरून. फक्त फुगेवाल्याला आधी विचारा गॅस कोणता आहे. हायड्रोजनचा असेल तर कारमध्ये अजिबात नेऊ नका, तो पेट घेतो.