गाडीचं इंजिन भंगारात देताय? या चुका टाळा

गॅरेजमध्ये इंजिन बदललं की जुनं कोपऱ्यात पडून राहतं. मग एके दिवशी टेम्पो येतो आणि ते सरसकट लोखंडाच्या भावात उचलून नेतो. सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो, कारण इंजिन नुसतं लोखंडाचं नसतं.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य भाग, मात्र गाडीनुसार बदलतो. स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामध्ये आलेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा), तर मारुतीच्या के सिरीज पेट्रोल इंजिनाचा ॲल्युमिनियमचा. खात्री नसेल तर लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, आणि त्याचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो. अशा ब्लॉकमध्येही सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) बिडाचे असतात, म्हणून घेणारा भाव थोडा कमी लावतो. ते रास्त आहे. "मिक्स माल आहे" म्हणत सगळ्यालाच लोखंडाचा भाव लावला, तर उठून दुसरीकडे जा.

बिडाचा ब्लॉकही पत्र्याच्या ढिगात जाऊ देऊ नका. कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या फौंड्र्या बीड वितळवून नवं ओतकाम करतात, त्यामुळे त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं. वेगळा भाव विचारा.

आता उलटी चूक. तांब्याच्या लोभानं काही जण स्टार्टर आणि आल्टरनेटर फोडतात. निघतं थोडंसं तांबं. तेच चालू स्थितीत असतील तर जुन्या पार्टवाल्याकडे जास्त पैसे मिळतात. डिझेलचे इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि टर्बो यांचंही तसंच. इंजिन सीझ (जाम) झालं म्हणून बाहेरचे पार्ट मेले असं होत नाही. आधी मेस्त्रीकडून तपासून घ्या आणि मुंबईकर असाल तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात भाव काढा. क्रँक, पिस्टन धड असतील तर हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा भाग) म्हणूनही गिऱ्हाईक मिळू शकतं. त्यातून जे उरेल, तेवढंच भंगार.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर कमी विषारी करणारा डबा, हा खरा छुपा माल. बऱ्याच गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो आणि इंजिनाबरोबर गुपचूप निघून जातो. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, म्हणून तो किलोवर विकायचा नसतो. त्यावरच्या नंबरचा फोटो काढून दोन-तीन ठिकाणी विचारा. गाडी पुढे चालवायची असेल तर मात्र तो गाडीवरच राहू द्या.

वजन वाढावं म्हणून ऑइल आत ठेवणं फुकटचं शहाणपण आहे. घेणारा "तेल-माती" म्हणून त्याहून जास्त कापतो. ऑइल काढून गॅरेजच्या पिंपात द्या, गटारात नको. कायद्यानं तो घातक कचरा आहे. कूलंटही उघड्यावर ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.

फोनवर एक भाव आणि दारात दुसरा, हे नेहमीचंच. काट्यावर वजन आपल्या डोळ्यांसमोर, तेही धातूवार करून घ्या. इंजिन आख्खंच द्यायचं असेल तर आधी वजनकाट्यावरची पावती आणा, मग बोला.

पूर्ण गाडीच मोडीत काढायची असेल, तर इंजिन आधी काढून विकण्याचा मोह आवरा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) मिळतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

फक्त इंजिन बदललं असेल तर नव्या इंजिनाचा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या. जुन्याचा नंबर घासू नका, तो गुन्हा ठरू शकतो. त्याचा फोटो काढा आणि तोच नंबर, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असलेली पावती घ्या. तेच इंजिन उद्या चोरीच्या गाडीत सापडलं, तर चौकशी पहिल्यांदा तुमच्याच दारात येईल. पावती द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून किलोमागे दोन रुपये जास्त मिळत असले तरी त्याला माल देऊ नका.